खांबामागची खुर्ची

मित्रांनो, बेसबॉलचा इतिहास माझ्यासमोर घडला आहे. हेरॉन्स संघाच्या जुन्या मैदानात मी सदुसष्ट हंगाम काढले. तीन पिढ्यांनी माझ्यावर बसून जय पाहिले, पराजय पाहिले. पराजय जास्त पाहिले. ज्या एका झेलावरून या शहरात लोक अजूनही भरल्या ताटावरून उठतात, तो १९५८ सालचा झेल घेतला गेला तेव्हाही मी तिथेच होते. मला तो दिसला नाही. माझ्यासमोर खांब होता.

मी लाकडी फळ्यांची, घडीची खुर्ची आहे. विभाग सोळा, रांग नऊ, क्रमांक अकरा. माझे लोखंडी पाय नदीपलीकडच्या ओतशाळेत ओतले गेले आणि फळ्या उत्तरेकडच्या मेपलच्या. आम्ही जोडीनेच जन्मलो: मी अकरा, माझी बहीण बारा. दोघींत मिळून पाय तीन, मधला सामाईक. त्यामुळे आमच्यात भांडण झालं तरी कोणी उठून जाऊ शकत नव्हतं. हे माणसांनाही लागू करता आलं असतं, पण त्यांना पाय प्रत्येकी दोन असतात.

खांब छताचा होता. ज्याने खुर्च्या आखल्या त्याने खांबाचा नकाशा पाहिला नसावा, आणि ज्याने खांब आखला त्याला बेसबॉल आवडत नसावा. माझ्यावर बसलेल्याला चेंडू फेकणारा दिसे, मारणारा दिसे, पहिला बेस दिसे. मधलं मैदान मात्र नव्हतंच. तिकडे गेलेला चेंडू हिरव्या रंगाचे चौदा थर दिलेल्या लोखंडात शिरे आणि त्याचं पुढे काय झालं हे लोकांच्या ओरडण्यावरून ताडावं लागे. बारावरून सगळं मैदान दिसे. फरक दीड फुटाचा. माझ्या तिकिटावर निळा शिक्का असे, ‘दृष्टीस अडथळा’, आणि म्हणून ते स्वस्त असे. आमच्या विभागात पोलाद कारखान्यातली माणसं बसत. त्यांच्या माना कायमच्या एका बाजूला झुकलेल्या असत. चर्चमध्येसुद्धा विभाग सोळाची माणसं ओळखू येत म्हणे.

मिहाल हुडाक हा त्यांतलाच एक. भट्टीवर काम करणारा स्लोव्हाक माणूस. आमची जोडी त्याने वर्षानुवर्षं धरून ठेवली आणि पाठ धरल्यावर दोन्ही मुलांच्या हवाली केली. थोरला एमिल, धाकटा लॅडी. बापाने एकच नियम घालून दिला: दर डावाला जागा बदलायची. सामन्याचे डाव नऊ. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा या डावांना लॅडी बारावर; बाकीच्या चारांना एमिल. एमिल मोठा असल्यामुळे त्याच्या वाट्याला समजूतदारपणा आला होता.

मला माणूस वजनावरून कळतो. एमिल बसायचा तो एकदम, पोतं टाकल्यासारखा, आणि मग हलायचा नाही. लॅडी कडेवर बसायचा. अठरा वर्षांचा पोरगा, पण हेरॉन्सच्या बाबतीत त्याची मतं साठीच्या माणसाची होती. त्याच्या मते जगात दोन प्रकारचे खेळाडू असतात: घरचे आणि पाहुणे. घरचे म्हणजे ज्यांना क्लबाने कोवळ्या वयात उचललं, आडगावांतल्या आपल्या छोट्या संघांतून चार-पाच वर्षं रगडलं आणि मग या मैदानावर आणून उभं केलं. पाहुणे म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून विकत किंवा अदलाबदलीत आणलेले. घरच्यांसाठी लॅडी उभा राहून टाळ्या वाजवी. पाहुण्यांसाठी बसल्या बसल्या, दोन बोटांनी, तळहातावर. पाहुण्याचं नाव तो तिसऱ्या हंगामापर्यंत शिकत नसे. तोवर बहुतेक पाहुणे निघून गेलेले असत, त्यामुळे त्याचा बराच त्रास वाचे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, सामना सुरू होण्याआधी, तो हजेरी घ्यायचा. क्लबाच्या स्थापनेपासूनचे सगळे घरचे खेळाडू, क्रमाने, पुटपुटत. एकेचाळीस नावं. त्यांतले निम्मे तेव्हाच मेलेले होते. प्रत्येक नावानंतर तो इतकाच थांबायचा, की एखाद्याला ‘हजर’ म्हणता यावं.

“कोणी ओ दिली का?” एमिल विचारायचा.

“तू गप्प बस. पंचवीसवर होतो, विसरलो. आता पुन्हा पहिल्यापासून.”

एकेचाळिसावं नाव आर्नी टॉमको. हा घरच्यांतलाही घरचा होता, कारण तो हुडाकांच्याच गल्लीतला, बेकरीवाल्या टॉमकोचा मुलगा. शाळेत लॅडीच्या पुढे चार वर्षं. सायकलवरून घरोघरी पाव टाकायचा. मधल्या मैदानात तो उभा राहायचा, म्हणजे नेमका खांबात. लॅडीने त्याला बारावरून पाहिलं ते डावाआड. उरलेला अर्धा टॉमको त्याने मनाने भरून काढला होता, आणि मला वाटतं, तो अर्धा जास्त चांगला खेळत असे.

आता तो दिवस. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. हा सामना जिंकला तर अजिंक्यपद, जे हेरॉन्सना त्याआधी कधी मिळालं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. आठव्या डावात आम्ही एका धावेने मागे. लॅडी माझ्यावर, एमिल बारावर. टॉमकोने चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला, दोन माणसं घरी आली, म्हणजे दोन धावा, आणि आम्ही एका धावेने पुढे गेलो.

डाव बदलला. एमिल उठून उभा राहिला.

“चल, ये इकडे. नववा तुझा.”

“हलायचं नाही,” लॅडी म्हणाला.

“अरे, नववा डाव आहे. शेवटचा.”

“टॉमकोने मारलं तेव्हा मी इथे होतो. आता हललो तर जाईल सगळं. तू पण बस. जसा बसला होतास तसा बस. डावा पाय पुढे होता तुझा.”

मित्रांनो, याला वेडेपणा म्हणायच्या आधी सांगते, त्या क्षणी अख्ख्या विभाग सोळामध्ये कोणी हललं नव्हतं. एक बाई सातव्या डावापासून संडासाला जायचं थांबवून बसल्या होत्या. संघ चढाला लागला की बसल्या जागेवरून हलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदाच आहे. पण बाकीच्यांनी नुसती जागा धरली. लॅडीने नजर दिली. त्याच्या हक्काचा डाव, त्याच्या हक्काचं मधलं मैदान, त्याच्या गल्लीतला मुलगा तिथे उभा, आणि हा स्वतःहून खांबामागे बसून राहिला. टॉमकोसाठी.

दोन बाद झाले, तिसरा झाला की सामना आमचा. समोरच्या संघाची माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. एक साधा फटका बसला तरी दोघंही घरी. चेंडू मारला गेला, खाली खाली येत मधल्या मैदानाकडे गेला आणि खांबात शिरला. सगळे उभे राहिले. आम्ही दोघी बहिणी खाडकन वर मिटलो. एक सेकंद काहीच ऐकू आलं नाही. मग असा आवाज झाला, की माझ्या मधल्या पायातला एक बोल्ट ढिला झाला. तो नंतर कोणी आवळला नाही.

पंचाने मूठ वर केली होती. झेल. टॉमकोने पुढे सूर मारून, गवतापासून बोटभर उंचीवर चेंडू घेतला होता. लॅडी रडत होता, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होता. मग त्याने भावाकडे पाहिलं. एमिल टाळ्या वाजवत होता, पण दोन बोटांनी.

“काय झालं?”

“काही नाही. जिंकलो.”

“एमिल.”

एमिलला खोटं बोलता येत नसे. कारखान्यातही त्यामुळे त्याची बढती राहिली. “टप्पा पडला होता, लॅडी,” तो म्हणाला. “गवतावर पडला आणि मग हातात गेला. पंच मागे होता, त्याला दिसलं नाही.”

“मी पाहिलाय झेल.”

“तुझ्यासमोर खांब होता.”

“मी पाहिलाय.”

“बरं.”

इथे थांबता आलं असतं. पण लॅडी अठरा वर्षांचा होता, आणि त्याने आपला डाव देऊन तो झेल विकत घेतला होता. तो म्हणाला, “तू घरचा आहेस की पाहुणा, तेवढं सांग मला.”

एमिलने टोपी घातली आणि गेला. पुढच्या हंगामात पहिल्या सामन्याला तो आला, बारावर बसला आणि सामना संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. लॅडीही बोलला नाही. जागा बदलणं थांबलं. एमिल कायमचा बारावर, लॅडी कायमचा माझ्यावर. कोणी दुसरी तिकिटं काढली नाहीत, कारण जागा बापाच्या होत्या. असे तेहतीस हंगाम ते शेजारी शेजारी बसले.

अगदीच बोलायची वेळ आली, तर ओटिसमार्फत बोलत. ओटिस आमच्या विभागात सॉसेज विकायचा, मोहरी लावून.

“ओटिस, माझ्या शेजारच्या गृहस्थांना सांग, त्यांचं कोपर माझ्या हद्दीत आलंय,” एमिल म्हणाला.

“शेजारचे गृहस्थ, कोपर.”

“त्यांना सांग, हद्द लोखंडाची आहे. तिला काही होत नाही.”

“लोखंडाला काही होत नाही म्हणतात. मोहरी लावू का दोघांना? आणि हे बघा, मी सॉसेज विकतो, निरोप नाही. तुमच्या आईच्या वेळीसुद्धा मीच सांगितलं, की दवाखान्यात नेलंय म्हणून. हे काय बरं दिसतं का?”

“त्यांना विचार,” दोघंही म्हणाले. एकाच वेळी. ओटिस पुढच्या रांगेकडे गेला.

टॉमकोला क्लबाने झेलानंतर दोन वर्षांनी दूरच्या शहरात पाठवलं. बदल्यात दोन पाहुणे आले. लॅडीने निषेध म्हणून एक आठवडा मोहरीशिवाय सॉसेज खाल्लं. क्लबावर याचा परिणाम झाला नाही. तिकडे टॉमकोचा गुडघा गेला, तो परत आला आणि बापाच्या बेकरीत उभा राहिला. लॅडी दर शनिवारी तिथून खसखशीचा रोल आणायचा. म्हणजे रोल मला दिसला नाही. पण रविवारच्या सामन्याला त्याच्या कोटाच्या खिशातून खसखस माझ्या फळ्यांत सांडायची, ती तीस वर्षं सांडली. एमिलच्या खिशातूनही सांडायची. दोघंही एकाच दुकानातून आणत होते, वेगवेगळ्या वेळी.

मग एका हिवाळ्यात एमिल गेला. हृदय. एप्रिलमध्ये लॅडी एकटाच आला आणि माझ्यावर बसला. त्याच्या खिशात तिकिटं दोन होती. ओटिस, तोही आता म्हातारा, सवयीने दोन सॉसेज घेऊन आला आणि थबकला.

“हे दुसरं...”

“ठेव तिथे.”

“मिटलेल्या खुर्चीवर कसं ठेवू, लॅडी?”

लॅडीने हात पुढे करून बारा खाली पाडली, तिच्यावर रुमाल अंथरला आणि सॉसेज ठेवलं. ते तसंच राहिलं. सातव्या डावात कबुतर आलं.

त्या हंगामापासून तो प्रकार सुरू झाला. मी लोखंडाची आहे, भुताखेतांवर विश्वास ठेवणं मला परवडत नाही, म्हणून जे घडलं तेवढंच सांगते. मैदान निम्मं रिकामं असे. आमच्या आसपास कोणी नसे. आठवा डाव संपे, खेळाडू जागा बदलत, आणि त्या मधल्या शांततेत माझी बहीण आपोआप खाली पडे. हळू नाही, एकदम, पोतं टाकल्यासारखी. आणि मग ती हलत नसे. प्रत्येक सामन्याला नाही. जे सामने अटीतटीचे असत, त्यांनाच.

लॅडी तिच्याकडे पाहत नसे. समोर खांबाकडे पाही. पण आम्हा दोघींमधल्या लोखंडी दांड्यावरचं, म्हणजे हद्दीवरचं, आपलं कोपर उचलून मांडीवर घेई आणि सामना संपेपर्यंत तिथेच ठेवी.

मी बहिणीला विचारलं नाही. एका पायावर इतकी वर्षं काढल्यावर काही गोष्टी विचारायच्या राहून जातात. तिने तो झेल पाहिला होता, हे मला ठाऊक होतं. तिने कधी सांगितलं नाही.

तोच हंगाम संपल्यावर मैदान पाडलं. नव्या मैदानाला खांब नाहीत, असं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आमच्यासारख्या जुन्या जोड्या लोकांनी आठवण म्हणून नेल्या. लॅडी स्वतः पाना घेऊन आला आणि बोल्ट काढायला गुडघ्यावर बसला. खांब अजून उभा होता. त्याला कोणी मागितलं नव्हतं. लॅडीने त्याच्यावर एकदा तळहात टेकला, जसा मयताच्या पेटीवर टेकतात. मग जावयाच्या गाडीत आम्हाला घातलं.

तेव्हापासून आम्ही त्याच्या तळघरात आहोत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. मित्रांनो, अवहेलना म्हणजे काय, ते मी इथे शिकले. माझ्यावर ओले टॉवेल पडले. मुलांचे मोजे पडले. एकदा एक अख्खा पडदा. बारावर मात्र लॅडीने कधी काही टाकू दिलं नाही.

“डॅड, रिकामीच तर आहे,” त्याची मुलगी कॅरल म्हणायची.

“रिकामी आहे, म्हणूनच.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे टोपली जमिनीवर ठेव.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला त्यांच्यात एक पान मेलेल्या माणसासाठी मांडतात. हुडाकांच्या घरी ते वर टेबलावर मांडत नसत. लॅडी ते ताट घेऊन खाली यायचा, बारावर ठेवायचा आणि वर निघून जायचा. सकाळी ताट चाटूनपुसून रिकामं असे. मांजर होतं. ते मांजर मेल्यावरही ताट रिकामं होत राहिलं, तेव्हा त्यांनी दुसरं मांजर असेल असं ठरवलं.

हंगाम सुरू झाला की लॅडी रेडिओ लावून माझ्यावर बसायचा आणि हजेरी घ्यायचा. आता नावं सत्तावन्न होती आणि थांबे लांबले होते. रेडिओवर नवव्या डावाची वेळ आली की मी सावध राहायची. तळघरात वारा नसतो. तरीही.

एकदा टॉमको आला होता. सत्तरीच्या पुढचा, काठी टेकत, खसखशीचा रोल घेऊन. पायऱ्या उतरला, सरळ बारावर बसला. लॅडीच्या पोटऱ्या माझ्या पायांना घट्ट चिकटल्या. खाली रेडिओ चालू होता.

“ही ती जागा का?” टॉमकोने विचारलं.

“हीच.”

“लोक अजून विचारतात. दुकानात येतात, रोल घेतात, पैसे देतात आणि मग हळूच विचारतात, आर्नी, खरं सांग. बायको मेली तेव्हा भेटायला आलेल्यांनीसुद्धा विचारलं.”

“मी कधी विचारलं नाही,” लॅडी म्हणाला.

“नाही. म्हणून तर तुझ्याकडे येतो.”

मग बराच वेळ दोघं सामना ऐकत बसले. विचारायचंच असतं, तर त्या माणसाला विचारायला वीतभर अंतर होतं. टॉमको उठताना मधल्या दांड्याला धरून उठला आणि जाता जाता म्हणाला, “तुझा भाऊही कधी विचारायचा नाही. नुसता रोल घ्यायचा आणि माझ्या हातांकडे पाहायचा.”

पुढच्या वसंतात टॉमको गेला. हजेरीत त्याच्या नावानंतरचा थांबा सगळ्यात लांब होता.

आता मुद्द्याचं सांगते. काही वर्षांनी क्लबाने जाहीर केलं, की नव्या मैदानात घरच्या खेळाडूंची एक भिंत बांधायची. प्रत्येकाला पितळी फलक. लॅडी पंच्याहत्तरीला टेकला होता. भिंतीसाठी त्याने क्लबाला अकरा पत्रं लिहिली; सगळी माझ्यावर बसून, मांडीवर फळी ठेवून. टॉमकोला घ्या. टॉमकोला विसरू नका. चारच हंगाम खेळला हे खरं, आकडे बेताचे हे खरं, पण त्या झेलाशिवाय तुमच्या कपाटात एक चषकही नसता. क्लबाचं उत्तर आलं: टॉमको यांच्या नावाचा विचार त्या झेलामुळेच होऊ शकतो. परंतु झेलाचं चित्रीकरण उपलब्ध नाही, आणि समोरच्या संघाच्या लोकांनी टप्पा पडल्याचं लेखी कळवलं आहे. त्या दिवशी जवळून पाहणारा साक्षीदार हयात असल्यास त्याची जबानी हवी.

साक्षीदार हयात होता. तो खांबामागे बसला होता.

मिस ओल्डहॅम नावाची तरुण बाई क्लबाच्या इतिहास विभागातून ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आली. कॅरलने बिस्किटांचा डबा आणून ठेवला आणि पायरीवर बसली, कारण डॅड झेलाची गोष्ट सांगताना तिला ऐकायला आवडायची. तिने ती लहानपणापासून ऐकली होती. तीत खांब नव्हता.

“मी इथे बसू का, मिस्टर हुडाक?” बाईंनी बाराकडे हात केला.

“तिथे...” लॅडी म्हणाला आणि थांबला.

माझी बहीण खाली पडली. नुसती. बाईंचा हात अजून तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता.

“अरे वा,” बाई म्हणाल्या, “जुन्या खुर्च्या अजून किती छान चालतात,” आणि बसल्या. लॅडीचं कोपर दांड्यावरून उठलं आणि मांडीवर गेलं.

“तर तुम्ही अकरावर होतात?”

“हो.”

“आणि इथे, बारावर, कोण होतं?”

मित्रांनो, साठ वर्षांत लॅडीला झेलाबद्दल शेकडो माणसांनी विचारलं होतं. बारावर कोण होतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. त्याचं वजन माझ्यावर कडेला असायचं, ते त्या क्षणी मागे सरकलं. तो पहिल्यांदाच माझ्यावर पूर्ण बसला.

“माझा भाऊ,” तो म्हणाला. “एमिल.”

“आणि तुम्ही दोघांनी झेल पाहिलात.”

लॅडीला फक्त ‘हो’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर टॉमको भिंतीवर गेला असता, अकरा पत्रं फळाला आली असती, आणि ते खोटं आहे हे सांगायला दोन खुर्च्यांखेरीज कोणी उरलं नव्हतं.

“मी पाहिला नाही,” लॅडी म्हणाला. “माझ्यासमोर खांब होता. या जागेवरून मधलं मैदान दिसत नाही. कोणालाच कधी दिसलं नाही.”

“डॅड,” पायरीवरून कॅरल म्हणाली, “तुम्ही तर आम्हाला इतकी वर्षं...”

“सांगत होतो. हो.”

मिस ओल्डहॅमनी यंत्र जरा जवळ सरकवलं. “तुमच्या भावाला दिसलं होतं?”

“त्याला दिसलं. त्याची जागा चांगली होती. खरं म्हणजे त्या डावाला माझी होती.”

“मग काय म्हणाले ते?”

लॅडीने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की मला ती हजेरी वाटली. तो समोर भिंतीकडे पाहत होता, जिथे खांब असता.

“टप्पा पडला होता, म्हणाला. गवतावर पडला आणि मग हातात गेला. लिहून घ्या नीट. एमिल हुडाक, रांग नऊ, बारा. माझा भाऊ खोटं बोलत नसे. आणि तो घरचा होता. हेही लिहा.”

बाईंनी लिहिलं. कॅरल उठून वर गेली आणि बराच वेळ वरून नळाचा आवाज येत राहिला. बाई गेल्यावर लॅडीने रेडिओ लावला. हेरॉन्स पाच-तीनने हरले. तिन्ही धावा पाहुण्यांनी काढल्या. नववा डाव आला आणि गेला. माझी बहीण आधीच खाली होती, त्यामुळे त्या दिवशी काय झालं असतं ते सांगता येत नाही.

तर बालमित्रांनो, माझी कहाणी ही अशी. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. जुन्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाचं तेल द्या. त्याच्यावर ओले टॉवेल टाकू नका, पाणी फळ्यांत मुरतं आणि मग कितीही पुसलं तरी निघत नाही. घरात एखादी जागा कोणी रिकामी ठेवली असेल, तर ती कशासाठी आहे हे विचारा. आणि शेजारी बसलेल्या माणसाने तुम्हाला न दिसलेलं काही सांगितलं, तर त्याला लगेच पाहुणा ठरवू नका. दीड फुटाने फार फरक पडतो. हे मी सदुसष्ट हंगाम एकाच जागी बसून शिकले आहे, आणि लॅडीला शिकायला त्याहून थोडा कमी वेळ लागला.

भिंतीचं उद्घाटन जुलैमध्ये झालं. सगळे फलक, टॉमकोचाही, मार्चमध्येच ओतून तयार होते, मिस ओल्डहॅम तळघरात आल्या त्याच्या सात आठवडे आधी. प्रत्येक खेळाडूला दोन ओळी दिल्या आहेत. टॉमकोच्या दोन ओळींत नाव, जन्मगाव आणि चार सालं बसली. झेलासाठी जागा उरली नाही.